विचारून आणलेली कलेजी

६ ऑक्टोबर, मंगळवार

तिने ताट सरकवलं! पुढे नाही, मागे नाही — बाजूला, हळूच, दोन बोटांनी.

डॉक्टरीणबाईंनीच बजावलं होतं. "रक्त फारच कमी आहे. सहावा महिना लागलाय. मटण, कलेजी खाऊ घाला, नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही." म्हणून दुकानातून येताना नेहमीच्या खाटकाकडून मटण आणलं. दोन तास गॅसपाशी उभी होते. ते शिजताना ही वासाने दोनदा मोरीकडे धावली, ते एक समजू शकते. पण वाढल्यावर म्हणते, "आई, मी डाळ-भात खाते. मला चालेल."

तुला चालेल गं. मला नको का चालायला?

पंधरा दिवस झाले मुलाच्या बायकोला येऊन. एक बॅग घेऊन दारात उभी. म्हणाली, तो बोटीवर गेलाय, सहा महिने यायचा नाही. लग्न करताना चिरंजिवांनी आईला विचारलं नव्हतं, मीही दोन वर्षं दोघांशी बोलले नाही. आता बाळंतपणाला आई आठवली! पण हिला स्वतःची आई नाही. पोटुशी पोर दारात उभी राहिल्यावर काय बोलणार?

रस्सा सगळा मीच संपवला. रागाने. आता पोटात जळजळतंय.

७ ऑक्टोबर, बुधवार

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. समोरच्या कुलपवाल्यापाशी मन मोकळं केलं. म्हटलं, माझ्या हातचं खात नाही ती. तो किल्ली घासत होता, मान वर न करता म्हणाला, "अहो, तिला हलाल लागत असेल. विचारलंत का?"

नव्हतं विचारलं.

घरी येऊन विचारलं. तिने होकारार्थी मान हलवली. "मग तोंडाने बोलायचं नाही का?"

"तुम्ही इतक्या हौसेनं केलं होतं..."

मग नीट सांगितलं तिने. जनावर कसं कापलं, कापताना देवाचं नाव घेतलं का, त्यावर सगळं. "लहानपणापासूनचं आहे, आई. घास खाली उतरत नाही." नाही उतरत तर नाही उतरत. मला कारलं उतरत नाही, आणि त्यात तर देवाचा काही संबंधही नाही.

घरी शिजवायची सोय नाही, तिला वास सोसत नाही. म्हणजे बाजारातून गरमागरम आणायचं. बाजार तर पायाखालचाच आहे माझ्या.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

कसला पायाखालचा! बावीस वर्षं या बाजारात बटणं विकतेय. कोणत्या गल्लीत कोणता धागा, डोळे मिटून सांगेन. पण खाण्याच्या गाड्यांच्या गल्लीत "हलाल आहे का?" विचारायचं म्हणजे जीभच वळेना. आधी घसा खाकरला. मग हळू विचारलं. गाडीवाला ओरडला, "काय? मोठ्यानं बोला!" चार माणसं वळून बघायला लागली.

दुसरा म्हणाला, "हलाल? आजच ताजं आणलंय."

तिसरा — "आहे ना! तिखट कमी टाकू का?"

चौथ्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग म्हणाला, "मावशी, तुम्हाला काय करायचंय?"

काही न घेता परत आले. तिने रात्रीसारखाच दुपारीही डाळ-भात खाल्ला. ओठ किती पांढरे पडलेत तिचे!

१० ऑक्टोबर, शनिवार

सापडली! मासळीबाजाराच्या तोंडाशी एक गाडी, वर हिरव्या अक्षरात ठसठशीत "हलाल". बोर्ड असताना मी तोंड कशाला वाजवत फिरत होते? सळईवर भाजलेलं मटण, दोन पाव. डबा पदराखाली धरून जवळजवळ पळतच घरी आले.

खाल्लं तिने! सगळं नाही, अर्धं. पण खाल्लं.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

आज पुन्हा गेले. गर्दी होती, थांबावं लागलं, म्हणून दिसलं. त्याच जाळीवर, त्याच चिमट्याने, तो डुकराचे तुकडे उलटत होता. पलीकडच्या गिऱ्हाइकाला डुकराचं म्हणून सांगूनच देत होता.

म्हटलं, "अहो, आणि हा बोर्ड?"

"बोर्ड होय? गाडी विकत घेतली, त्याच्याबरोबरच आला. चांगला दिसतो, राहू दिला."

वाईट माणूस नाही तो. हसतमुख आहे. पण मी बोटांवर दिवस मोजले. चार दिवसांत तीनदा खाऊ घातलंय मी तिला. माझ्या हाताने!

काही न घेता निघाले. तिला म्हटलं, आज गाडी बंद होती. खोटं बोलले.

१४ ऑक्टोबर, बुधवार

दिवसभर बटणं देताना चुकत होते. एका बाईने चार भोकांची मागितली, मी दोन भोकांची दिली. कुलपवाल्याला विचारलं, सांगू का? नाही सांगितलं तर तिला कळणारही नाही. तो म्हणाला, "तिला नाही कळणार. तुम्हाला कळेल की." मोठा आला शहाणा!

पण सांगितलं. ती खिडकीपाशी बसली होती. मी उभीच राहून सगळं सांगून टाकलं, डुकराचंसुद्धा.  ती रडली. आवाज न करता, नुसतं पाणी. मला वाटलं, संपलं. आता ही बॅग भरणार.

मग तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मग चूक कोणाचीच नाही." आणि थोड्या वेळाने, "तुम्ही सांगितलंत, आई. नसतं सांगितलं तरी चाललं असतं तुम्हाला."

नसतं चाललं. पण हे मी तिला बोलले नाही. 

नंतर तिने मला शिकवलं. नुसतं "आहे का" विचारायचं नाही. मांस कोणाकडून आणता, विचारायचं. त्याच जाळीवर आणखी काय भाजता, विचारायचं. आणि गाडीवाला स्वतः ते खातो का, तेही.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

तीन प्रश्न, अकरा गाड्या, शून्य उत्तर. टाचा दुखतायत.

१९ ऑक्टोबर, सोमवार

दोरीवाल्यांच्या गल्लीच्या मागे, जिथे मी बावीस वर्षांत एकदाही वळले नाही, तिथे एक बाई. डोक्याला लाल रुमाल, छोटीशी शेगडी. बोर्ड नाही, काही नाही. फक्त कलेजी आणि खिमा. मी प्रश्न सुरू केले. तिने पंखा घालायचा थांबवला.

"कुठून आणता, कोण कापतं... तुम्ही कोण? तपासणीवाल्या?"

"नाही हो. बटणांचं दुकान आहे ना पुढे, तिथे असते मी."

"मग कुणासाठी एवढं खोदून विचारताय?"

"माझ्या सुनेसाठी."

तोंडातून गेलं आणि मीच दचकले. दोन वर्षांत हा शब्द मी मोठ्याने उच्चारला नव्हता. "मुलाची बायको" म्हणायचे. नाहीतर "ती".

"कितवा?" लाल रुमालवालीने विचारलं.

"सहावा. रक्त नाही अंगात."

मग ती उठलीच. खाटकाचं नाव सांगितलं, तो तिचा सख्खा दीर, कापताना काय म्हणतो ते सांगितलं, शेगडीखालची टोपली उघडून दाखवली. "माझी चार लेकरं याच शेगडीवर वाढली. मी खाते तेच विकते." कलेजी नीट आतपर्यंत भाजून दिली, "कच्ची नाही ठेवायची पोटुशीला," म्हणाली. वर लिंबू पिळलं.

घरी तिला सगळं सांगितलं, दिरासकट. तिने डब्याचं झाकण उघडलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि खाल्लं. सगळं! बोटंसुद्धा चाटली.

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसत बसले.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

रोज दुपारी जाते आता. लाल रुमालवाली लांबूनच ओरडते, "आल्या बघा सुनेच्या सासूबाई!" गल्लीतले सगळे दोरीवाले मला आता याच नावाने ओळखतात. बावीस वर्षं मी नुसती "बटणवाली" होते.

आज विचारलं, मलाही एक द्या. उभ्याउभ्याच खाल्लं. चटका बसला जिभेला. इतकं चांगलं भाजलेलं मी जन्मात खाल्लं नव्हतं, आणि मी स्वतःला सुगरण समजते!

२७ ऑक्टोबर, मंगळवार

तपासणी झाली. रक्त वाढलंय! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय केलंत हो?" मी सांगायला तोंड उघडलं, तर हीच म्हणाली, "आईंनी अख्ख्या बाजाराची उलटतपासणी घेतली." आणि हसली. मोठ्याने, डोकं मागे टाकून. हिला हसताना मी पाहिलंच नव्हतं. खालचा एक दात जरा वाकडा आहे.

येताना तिला गल्लीत घेऊन गेले. लाल रुमालवालीने तिचा गाल चिमटीत धरला. दोघी तासभर बोलत बसल्या. मी स्टुलावर. मध्येच सुनेने माझ्या खांद्यावर हात ठेवला, उठायला आधार म्हणून. उठल्यावरही काढला नाही.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

आज जेवून हात धुतले आणि परत माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "आई, तो बोटीवर नाहीये. ऑगस्टमध्येच मला सोडून गेला. दुसऱ्या एका बाईबरोबर राहतो. मला कुठे जावं कळेना. रोज ठरवते, आज सांगायचं आणि निघायचं. बॅग अजून रिकामी केलेलीच नाही मी."

मी उठले. बॅग पलंगावर उपडी केली. मुलाचं कपाट रिकामं केलं, त्याचे कपडे खोक्यात भरले. तिचे घड्या घालून लावले. वरचा कप्पा बाळासाठी मोकळा ठेवलाय.