देशमुखांच्या गढीपुढं

जालना, पौष, सन १९४१

तीर्थरूप नानांच्या पायावर धुळाजीचं डोकं.

आईला सांगा, कापसाच्या जिनातलं काम बराबर चालू आहे आणि दोन्ही वेळ जेवतो. सायकलवरून पडलो बिडलो न्हाई.

दिवाळीपासून दोन शर्यती जिंकलो. काल तिसरी होती, जालना ते भोकरदन. मी सगळ्यांच्या पुढं गेल्तो. वाटेत देशमुखांची गढी आली. मोठ्यांच्या दारापुढून बसून जायचं न्हाई, हे तुम्हीच शिकवलेलं. पाय आपोआप खाली आले. भिंत संपेस्तोवर सायकल हातात धरून चाललो. मागून बद्रीनाथ घंटी वाजवत निघून गेला.

भोकरदनला खुद्द देशमुखच उभे होते. त्यांनी बद्रीनाथाला फेटा बांधला. मी का उतरलो ते सांगितलं, तर म्हणले, "शर्यतीत कोण उतरतं, येड्या?" आणि हसले. मंग सगळेच हसले.

तवापासून मला काहीच सुधरून न्हाई राह्यलं. चुकलो मी, का बद्रीनाथ? पुढच्या शर्यतीचा रस्ताही तोच आहे.

काळी शेळी व्याली का? आईचा गुडघा कसा आहे?

नाना, एक विचारतो, राग धरू नका. पाटलाच्या दारापुढून जाताना तुम्ही अजून जोडे हातात घेता का?

तुमचाच,
धुळाजी