हौसाचे धवले आणि माझी बाकीची मिळकत

मी, केसरीनाथ बाळाराम मढवी, वय वर्षे बहात्तर, पूर्वीचा धंदा दस्तलेखनाचा, राहणार कामतघर, भिवंडी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, उलट "बाबा, आत्ताच कशाला?" म्हणून मुलगा कुणाल रुसला आहे. निबंधक कचेरीबाहेर बसून मी उभा जन्म दुसऱ्यांची मृत्युपत्रे लिहिली. हे पहिलेच असे, ज्यात मला हवे ते लिहायला कोणी अडवणार नाही.

कलम १. कामतघरचे राहते घर कुणालला. गाडी लावण्यासाठी ओटा तोडू नये.

कलम २. पूर्णा येथील जमिनीतला माझा हिस्सा, ज्यावर सध्या गोदाम उभे आहे, कुणाल व मुलगी मनाली यांना समसमान. मनाली लग्न होऊन नाशिकला गेली, हे कारण कोणी पुढे करू नये.

कलम ३. माझा मराठी टाइपरायटर मित्र फखरुद्दीन बुबेरे याला. तो शेजारच्या टेबलावर मुद्रांक विकत असे आणि त्या खडखडाटाला रोज शिव्या देई. आता म्हणतो, "केसरी, त्या आवाजाशिवाय करमत न्हाय."

कलम ४. काळा लॅपटॉप. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

टाइपरायटरचे दिवस संपले तेव्हा तो कामासाठी घेतला होता. पण माझी कैलासवासी पत्नी हौसा ही धवलारीण, म्हणजे आमच्या आगरी लग्नांत धवले गाऊन लग्न लावणारी. ते धवले कुठे छापलेले नव्हते. सासूकडून तिच्या गळ्यात आले होते. मी ते लॅपटॉपवर उतरवून घेऊ लागलो. आमच्या गल्लीत दिवसभर कापडाचे लूम चालत. लाइट गेली की सगळे कारखाने एकदम थांबत आणि हौसा हातातले काम टाकून येई. बॅटरी टिके तोवर ती गाई. लाइट आली की पुन्हा धडधड सुरू, आणि ती हसत चुलीकडे जाई. माझ्या संसारातले ते सर्वांत सुखाचे तास.

ती गेल्यानंतरच्या वर्षी लॅपटॉप सुरू होईना. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे येऊन थांबत. अंबाडी गावच्या एका कॉम्प्युटर दुकानदाराने पाहून सांगितले, "सगळं पुसून नव्यानं टाकावं लागेल." मी तो पोटाशी धरून घरी परत आणला. कुणाल म्हणाला, "बाबा, नवीन घेऊन देतो." मी विचारले, "त्यात तुझी आई कुठून आणशील?" तो उठून बाहेर गेला. मी त्याला तसे बोलायला नको होते.

फखरुद्दीनची मुलगी आफरीन पूर्ण्याच्या गोदामात कॉम्प्युटरचे सगळे काम बघते. एका रविवारी ती पेनड्राइव्ह घेऊन आली. "काका, डिस्क थकलीय, पण मेली नाय. आधी मावशीची गाणी काढून घेऊ. मग नवी डिस्क टाकून लिनक्स नावाची हलकी सिस्टम बसवू. नवीन विंडोज या बिचाऱ्याला झेपणार नाय." पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू झाला आणि एकेक गाणे दुसरीकडे उतरू लागले. मध्येच उतरणे अडले. आफरीनने पुन्हापुन्हा प्रयत्न केले. लग्नात उंबर आणतानाच्या धवल्यासकट काही गाणी गेली ती गेलीच. मला ओरडावेसे वाटले. मी चहा टाकला.

नवी सिस्टम बसली. पडदा निळा, सगळ्या जागा बदललेल्या, परक्या घरात शिरल्यासारखे. गाणे लावले तर पट्टी पुढे सरके, आवाज मात्र नाही. "थांबा काका, आवाज भलत्याच वाटेनं चाललाय," म्हणत तिने सेटिंग बदलली. आणि खोलीत हौसा खाकरली.

"अवं, चालू हाय का न्हाय त्ये? मी उगाच गाईन!"

हे बोलणे मी लोकांना प्रती देताना नेहमी कापून टाकत असे. त्या दिवशी गाण्यापेक्षा तेच पुन्हापुन्हा ऐकले. आफरीनने डोळे पुसले. दारात कुणाल उभा होता. तो आत येऊन माझ्याजवळ जमिनीवर बसला.

हा लॅपटॉप मनालीला. सर्व गाण्यांची प्रत कुणाल व आफरीन यांच्याकडेही राहील. जिला शिकायचे असेल तिला ऐकू द्यावे. हौसाचे खाकरणे, बोलणे, लूमची धडधड, काहीही कापू नये.

कलम ५. भाऊ लडकू याने आपल्या मुलीच्या हळदीला डीजे आणला आणि हौसाला मांडवातून न गाता परत पाठवले. तिने त्याला घरी पोचण्याआधीच माफ केले. मला अजून जमलेले नाही. हा राग माझी स्वकष्टार्जित मिळकत असून तो माझ्याबरोबर संपेल. मुलांकडे जाणार नाही.

कलम ६. गेल्या महिन्यात कुणालच्या मुलीची, उन्नतीची, हळद झाली. मनाली लॅपटॉपवर ऐकून शिकली होती. तिने धवला धरला. मध्येच शब्द विसरली. मी लॅपटॉप उघडायला धावलो, तेवढ्यात मागे बसलेल्या म्हाताऱ्या सीताबाईने पुढची ओळ उचलली, मग तिच्या शेजारणीने, मग सगळ्या बायकांनी. मनाली त्यांच्यात मिसळून गाऊ लागली. मी लॅपटॉप मिटला आणि मांडीवर ठेवून ऐकत बसलो.

याहून जास्त मला कोणाला द्यायचे नाही. वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि साक्षीदारांच्या समोर सही केली आहे.

ठिकाण: भिवंडी
दिनांक: १८ मार्च २०२५

(सही) केसरीनाथ बाळाराम मढवी

साक्षीदार:
१. (सही) तनवीर इस्माईल खर्बे, कामतघर
२. (सही) गोदू हरिश्चंद्र केणे, पूर्णा