फुली मारलेली फळी

भिलाई, गुरुवार संध्याकाळ, १९६०

आज साहेबाच्या बंगल्यावर स्पीकरची पेटी बसवली. अस्सल सागवान, माणसाच्या छातीएवढी उंच. आतलं यंत्र विलायती, लाकूड मी जोडलेलं. साहेबानं आधीच सांगितलं होतं, "मिस्त्री, एक भी गाँठ रही तो आवाज़ बिगड़ जाएगी." म्हणून महिनाभर एकेक फळी बोटानं ठोकून पाहिली. जिथं आवाज मेलेला आला, तिथं गाठीवर खडूनं फुली मारली अन् फळी सुतारकामाच्या शॉपबाहेर टाकली.

साहेबानं तबकडी लावली. "फ़र्क समझा?" मले काहीच फरक कळला नाही. तरी हो म्हटलं. कावून म्हटलं?

येताना मजुरांच्या कॅम्पात सुखदेवच्या खोलीवर गेलो. माझ्याच गावचा, मीच त्याले इथं कामाले आणलं. सोमवारी बांधकामाच्या परांचीवरची, पायाखालची फळी मोडली अन् तो वरून पडून मेला. त्याच्या बायकोनं मोडक्या फळीचा तुकडा मागून आणला होता. माझ्यापुढं धरला.

"भाऊजी, तुमी लाकडातले जाणते. ही कावून मोडली?"

बरोबर गाठीवर मोडली होती. गाठीवर माझी फुली.

टाकलेल्या फळ्या ठेकेदाराची माणसं परांचीले नेत, हे मी रोज पाहत होतो. साहेबाच्या गाण्यासाठी जे लाकूड चाललं नाही, ते सुखदेवच्या पायाखाली कसं चालंल, हे एकदाही मनात आलं नाही. आलं असतं, तर बोललो असतो काय?

"लाकूड जुनं असंल, वहिनी," म्हटलं, अन् बोलता बोलता फुली अंगठ्यानं पुसून टाकली.

घरी येऊन दोनदा हात धुतले. अंगठा अजून पांढराच दिसून राहिला.