यारेली काय म्हणाली

सान माटेओ, ६ सप्टेंबर १९९९

चि. फिदेन्सियो यास,
आशीर्वाद नेहमीचेच, राग आजचा.

गेल्या वर्षी त्या फोनच्या सकाळी मी गिरणीवरून मक्याचं पीठ आणलं, टर्क्यांना दाणे टाकले, तुझ्या वडिलांची दाढी केली. मग पुतण्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून फोनच्या दुकानात नेलं. तुझी यारेली इंग्रजीत भडाभडा बोलली. गेट, गेट, गेट, एवढंच कानात राहिलं. पोर काय म्हणते, असं ते विचारत राहिले. तू म्हणालास, आजोबा बरे व्हा म्हणते. त्याच आठवड्यात ते गेले.

तेव्हापासून शब्दकोश घेऊन बसते. त्या एका क्रियापदाला दीड पान! मिळणं, आणणं, पोहोचणं, समजणं. बरं होणं त्यातच, दुखणं जडणंही त्यातच. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. इतकं बोलून पोर एवढंच म्हणाली? त्यांच्या वर्षाच्या प्रार्थनेआधी मला खरं कळव.

चिडलेली, तरी तुझीच,
आई

फ्रेस्नो, २० सप्टेंबर

ती. आईस सा. न. वि. वि.

या वयात इंग्रजी शिकून तू काय फौजदार होणार आहेस? मी आहे ना सांगायला. इथे शाळेत स्पॅनिश बोललं की पोरं हसतात, म्हणून यारेलीला शिकवली नाही.

विचारलंसच म्हणून सांगतो. आजोबा, बाबा मला आणत नाहीत, मी तुमच्याकडे कशी पोहोचू, कुणाला घ्यायला पाठवाल का, असं ती विचारत होती. ती इथे जन्मली, तिला कोण अडवणार? माझ्याकडे इथे राहायचे कागद नाहीत. तिकडे आलो तर सीमा ओलांडून परत इकडे येता येणार नाही. त्यांनी ये म्हटलं असतं तर मी काय केलं असतं? म्हणून तसं बोललो. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
फिदेन्सियो

सान माटेओ, ६ ऑक्टोबर

चि. फिदेन्सियो यास आशीर्वाद.

पत्र सोमवारी मिळालं. तव्यावरच्या तोर्तिया करपल्या, मला वासही आला नाही.

तुझी अडचण मला कळते. पण नात भेटायला यायचं म्हणते, हे त्यांचं होतं, तुझं नव्हतं. ते तू मधल्यामध्ये गिळलंस. त्या रात्री भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, एवढ्यासाठी पोर इतकं बोलली होय? त्यांनाही पटलं नव्हतं. आता आम्हा आजी-नातीच्या मध्ये उभा राहू नकोस.

माया आहे तिथेच आहे. वेळेवर जेवत जा.

आई

ता. क. तुझी आत्या रेफुहिया नाताळला तिकडून येते आहे, तिच्याकडे कागद आहेत. मंगळवारी तू कामावर असताना मी फोनच्या दुकानात गेले आणि यारेलीला माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, आत्याबरोबर ये.