तिसरी टाळी

प्रिय बाबा,

इकडे उकाड्याने जीव नकोसा झालाय. तिकडे डोंगरात झोप तरी लागते ना? गुडघा कसा आहे?

शनिवारी आमच्या पेठेत ओबोनचा, पितरांचा नाच झाला. दहा वर्षांत पहिल्यांदाच मला आतल्या रिंगणात उभं केलं. बाहेरच्या रिंगणातले आमचंच बघून नाचतात, म्हणून मी आठवडाभर स्वयंपाकघरात सराव केला. पण ढोल वाजला आणि हात आपल्या गावचे झाले! इथे दोनच टाळ्या असतात, मी तिसरी वाजवली. पाठोपाठ सगळ्या बाहेरच्या रिंगणानेही वाजवली.

ढोल थांबला. मचाणावरून ढोलवाले कुरामोची आजोबा ओरडले, "ही जादाची टाळी कुणी आणली?"

"माझ्या बाबांच्या गावची आहे," मी म्हटलं. "तिथे आता अकराच माणसं उरलीत. यंदा नाच झाला नाही."

आजोबांनी घाम पुसला. "मग बघत काय राहिलीस? शिकव की नीट!"

बाबा, तीनशे माणसांनी आपली टाळी वाजवली. तुम्ही हवे होतात.

एकच घोटाळा झालाय. तिसऱ्या टाळीनंतर पाय उजवा की डावा, ते मला आठवेना. मी उजवा म्हणून ठोकून दिलं. आजोबांना ते पटलेलं नाही. "वडिलांना विचार," म्हणतात.

तेव्हा अंगणात एकदा नाचून बघा आणि कळवा. पण एकट्याने नको, बाकीच्या दहाजणांनाही बोलवा. रिंगण धरल्याशिवाय पाय आठवायचा नाही.

तुमची,
मिसाओ