आमच्यात स्केलम म्हणतात

१२ ऑगस्ट १९८५, सोमवार

चहा ओतत होते आणि फोन वाजला. कुणी मुलगी होती. "मिस स्केल्व्हरिंगहॅम आहेत का?" अख्खं नाव, एकही अक्षर न गाळता! "नाहीत," म्हटलं आणि ठेवून दिला. खिडक्या विकणारे असतील, नाहीतर विमावाले. हल्ली पोरींना बसवतात फोनवर, आवाज गोड लागतो म्हणून.

बाबांचा नियम तोच माझा. लिहायचं स्केल्व्हरिंगहॅम, म्हणायचं स्केलम. ज्याला आपलं नाव नीट म्हणता येत नाही त्याचं आपल्याकडे काही काम नसतं. या चाळणीतून आजवर एकही विमावाला खाली पडलेला नाही.

तेवढ्यात चहा मात्र गार झाला.

१३ ऑगस्ट, मंगळवार

पाद्रीबुवा ट्रेंचर्ड येऊन गेले. बर्मिंगहॅमचे आहेत, बिचारे. आल्या आल्या पहिल्याच रविवारी भर चर्चमध्ये त्यांनी मला पूर्ण नावानं हाक मारली होती, आणि सगळी बाकं हसली होती. आता शिकलेत. "मिस स्केलम, सुगीच्या प्रार्थनेला गावातल्या जुन्या आडनावांचं काहीतरी मांडू या. तुमचं तर म्हणे या कोपऱ्याबाहेर कुठं सापडतच नाही!" मी फुगले थोडी. हो म्हणून बसले.

शाळेतून जिल्ह्याचा जुना नकाशा आणला. टाचण्या माझ्याच — जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नाचे झगे शिवले, टाचण्यांना तोटा नाही. मेलेल्यांना लाल, जिवंतांना निळी. थडग्यांवरची नावं तर मला पाठच आहेत. लाल टाचण्या सगळ्या तीन गावांत, नदीच्या अलीकडे. इतक्या पिढ्या झाल्या, पण हे नाव साधी नदी ओलांडू शकलं नाही! ज्या गावावरून ते पडलं ते गाव तर केव्हाच नाहीसं झालं. हार्टच्या बार्लीच्या शेतात एक खळगा आहे, तेवढंच. कुणी म्हणतं प्लेगनं उठलं, कुणी म्हणतं पाण्यानं. गाव गेलं आणि नाव तेवढं माणसांच्या अंगावर राहिलं.

पलीकडच्या काठावर आहेत ते 'स्केलम' असंच लिहिणारे. त्यांच्या खापरपणजोबांना लिहिता येत नव्हतं, कारकुनानं कानाला लागलं तसं उतरवलं. बाबा त्यांना 'अर्धे' म्हणायचे. होरेस त्यांच्यातलाच — चर्चचं गवत कापतो, थडगी खणतो. शाळेत असल्यापासून त्याचं एकच, "आमचीही अक्षरं होती गं तुमच्याइतकी. नदी ओलांडताना पाण्यात पडली."

निळी टाचणी एकच. माझी. ती लावताना हात जरा अडला. सत्तरी आली, नवरा नाही, मूल नाही, आणि असतं तरी त्याला नाव दुसऱ्याचंच लागलं असतं. म्हणजे ही काढली की झालं.

१५ ऑगस्ट, गुरुवार

मासळीवाली येऊन गेली. हेरिंग छान होते. नकाशाकडे फिरकले नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार

होरेस खिडकीतून डोकावला. नकाशा बघितला आणि म्हणाला, "ऑब्रीची टाचणी कुठाय?"

मी म्हटलं, हा आपल्या जिल्ह्याचा नकाशा आहे, न्यूझीलंड यात येत नाही.

"मग भिंतीवर लाव," म्हणाला आणि गेला. असा खवचट!

लावली. निळी. नकाशापासून पार खाली, कोळशाच्या बादलीच्या वर, भिंतीच्या कागदात.

माझा भाऊ. माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा. बाबांची इच्छा त्यानं लव्हाळी कापावी, छपरं शाकारावीत, जसं आजवर सगळ्यांनी केलं. त्याला इंजिनं आवडायची. भांडण झालं आणि तो गेला. तिकडे सगळे त्याला पूर्ण नावानंच हाक मारायचे म्हणे. सुरुवातीला दुरुस्त करायचा, मग कंटाळला. एका पत्रात लिहिलं होतं, "हेस्टर, इथं मी सगळीच्या सगळी अक्षरं वापरतो. तुला गंमत वाटेल." बाबांना गंमत वाटली नाही.

आई गेली तेव्हा मी तार केली. त्याचा ट्रंककॉल आला. बाबांनी उचलला. मी शेजारीच उभी होते, एक्स्चेंजवाल्या बाईचा आवाज मलाही ऐकू आला — "न्यूझीलंडहून मिस्टर स्केल्व्हरिंगहॅम आहेत, जोडू का?" बाबा म्हणाले, "या नावाचं आमच्यात कुणी नाही." आणि ठेवला. त्यांना पक्कं ठाऊक होतं कोण ते. मला आजही त्यांचा राग येतो. नंतर ऑब्रीचं पत्र नाही. माझी दोन गेली, दोन्ही परत आली, 'इथे राहत नाहीत' असा शिक्का मारून.

असो. उद्या मुरंब्याचं बघायचंय.

१९ ऑगस्ट, सोमवार

तीच मुलगी! "मिस स्केल्व्हरिंगहॅम? प्लीज, ठेवू नका, मी ऑ—" ऑफर असणार. आपटलाच. चिकाटी आहे मात्र पोरीला.

२२ ऑगस्ट, गुरुवार

दिवसभर नॉरिचला. डोळ्यांत थेंब घातले, बसमध्ये सगळं जग धुरकट. एक पर्यटक कंडक्टरला 'विमंडहॅम'चं तिकीट मागत होता. कंडक्टर गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "असं गाव या जिल्ह्यात नाही, साहेब." शेवटी मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, विंडम म्हणा, विंडम!" अख्खी बस हसली. मीही. आमचा जिल्हाच असा. इथं पाटीवर एक असतं आणि तोंडात दुसरं.

घरी आले तो अंधारून आलं होतं. नुसतीच पडले.

२४ ऑगस्ट, शनिवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

होरेस दारात आला. टोपी हातात. आत ये म्हटलं तर आला नाही.

"हेस्टर, गुरुवारी एक पोर आली होती गं चर्चमध्ये. तू नॉरिचला होतीस तेव्हा."

"कसली पोर?"

"बाहेरदेशची. बोलण्यावरून कळत होतं. इथं स्केल्व्हरिंगहॅम कुणी राहतं का म्हणाली. मी म्हटलं, या नावाचं गावात कुणी नाही." टोपी फिरवत होता नुसती. "आपण म्हणतोच की सगळ्यांना तसं! लोक थांबतात, डोकं खाजवतात, मग आपण हसतो आणि सांगतो. ही थांबलीच नाही. बरं, थँक्यू म्हणाली आणि वळली. माझं गवताचं यंत्र चालू होतं..."

"मग?"

"नदीच्या धक्क्यावर गेली. हातात डबा होता. बराच वेळ बसली आणि मग पाण्यात रिकामा केला." माझ्याकडे बघेना. "राख गं. वाऱ्यानं थोडी तिच्या कोटावर उडाली, ती तिनं झटकली नाही. परत जाताना पाठमोरी बघितली — डावा खांदा वर काढून चालते. ऑब्री चालायचा तशी."

मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दोन दिवस पाय निघत नव्हता माझा इकडे यायला."

२५ ऑगस्ट, रविवार

चर्चला गेले नाही. धक्क्यावर गेले. ओहोटी होती. पाणी नेहमीसारखं मातकट, दोन बदकं, कुणाची तरी होडी. काही म्हणजे काही नव्हतं तिथं.

ऑब्री गेला. कधी, कशानं, मला माहीत नाही. शेवटी लठ्ठ झाला होता का, टक्कल पडलं होतं का, तेही नाही. इथवर आला तो, आमच्या धक्क्यापर्यंत, घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि मी नॉरिचला डोळ्यांत थेंब घालून बसले होते.

होरेसवर कसली चिडते मी? त्यानं एकदा केलं. मी दोनदा फोन आपटला. "मी ऑ—" म्हणाली होती ती. ऑब्रीची मुलगी म्हणणार होती. ऑफर म्हणे!

बाबांनी निदान ओळखून फोन ठेवला होता. मी सवयीनं ठेवला. जास्त वाईट काय, ते मला ठरवता येत नाही. आज दिवसभर रडू येतंय आणि मध्येच बाबांना मोठ्यानं शिव्या देतेय. शेजारच्या मांजरानं वळून बघितलं.

संध्याकाळी भिंतीतली निळी टाचणी काढली. लाल घेतली. कुठं लावायची कळेना. शेवटी नदीत लावली, नकाशावरच्या, अगदी मधोमध. घराण्यातला हा पहिलाच, काठ सोडलेला.

२६ ऑगस्ट, सोमवार

बँकांची सुटी. सकाळीच होरेस पुन्हा दारात. काल दिवसभर सायकलवरून पाहुणे उतरवणारी घरं पालथी घातली म्हणे, या वयात! "सापडलं. पलीकडे, डॉटकडे उतरली होती. चल, होडी आणलीय." त्यानं वल्हवलं, मी बसले. मध्यावर आल्यावर त्यानं वल्ही थांबवली आणि टोपी काढली. मग पुन्हा वल्हवायला लागला.

डॉट एसेक्सची. नदीकाठाला येऊन दोनच वर्षं झालीत, तिला कुणाची अक्षरं कुठं पडली ते ठाऊक नाही. "अय्या, ती! किती गोड मुलगी! चार दिवस होती. हेटी. पुरं नाव हेस्टर — वडिलांच्या बहिणीचं ठेवलंय म्हणाली."

मी खुर्चीवर बसलेच. होरेसनं सांगितलं तिला, ती बहीण हीच, मिस स्केलम.

डॉटचं तोंड उघडंच. "पण ती तर म्हणाली, वडिलांच्या खिशातल्या डायरीत एक जुना नंबर होता, तिथं कुणी खाष्ट बाई राहते आणि फोन आपटते! घर विकलं असणार, घराण्यातलं कुणी उरलंच नसणार, असं समजून गेली ती."

खाष्ट बाई. बरोबर आहे.

मैत्रिणींबरोबर स्कॉटलंडला गेलीय. कुठं ते डॉटला माहीत नाही. पुढच्या शनिवारी, नाहीतर त्याच्या पुढच्या, विमान. पण बूट विसरलीय खोलीत, कुठं पाठवायचे ते फोन करून कळवते म्हणाली. मी डॉटचे दोन्ही हात धरले. म्हटलं, तिला सांग, आत्या अजून तिथंच आहे. तोच नंबर. या वेळी ठेवणार नाही म्हणावं.

"तुम्ही काळजी करू नका, मी तिला सगळं नीट समजावते," डॉट म्हणाली.

बूट बघितले. तपकिरी, टाचा एका बाजूला झिजलेल्या. घरी न्यावेसे वाटत होते. नाही आणले.

२८ ऑगस्ट, बुधवार

आता फोन वाजला की मी पूर्ण नाव सांगते. तिला कळायला हवं ना, की बरोबर ठिकाणी लागलाय! न्हाणीघरात म्हणून बघितलं आधी. जीभ वळेना. जन्मभर जे नाव लावलं ते एकदाही तोंडानं अख्खं म्हटलं नव्हतं. मधली 'रिंग' तर पार घशात अडकते.

"स्केल्व्हरिंगहॅम बोलतेय." मासळीवाली होती. "हेस्टर? अगं, बरी आहेस ना? डॉक्टरला पाठवू का?"

पाद्रीबुवांनी तर माफी मागून ठेवूनच दिला!

बाबा असते तर घराबाहेर काढलं असतं मला. काढू देत.

१ सप्टेंबर, रविवार

फोन नाही. काल शनिवार होता. विमान कालचं होतं की पुढचं? स्कॉटलंड असं आहे तरी केवढं?

होरेस मटारच्या शेंगा पायरीवर ठेवून गेला. त्याच्याशी बोलायला हवं. त्याचं चुकलं तेवढंच माझं, आणि आता या गावात स्केलम म्हणवणारे आम्हीच दोन म्हातारे.

३ सप्टेंबर, मंगळवार

वाजला. "स्केल्व्हरिंगहॅम बोलतेय," म्हटलं, स्वच्छ, एकही अक्षर न गाळता.

पलीकडून तोच आवाज, ओशाळलेला — "माफ करा, चुकीचा नंबर लागला वाटतं. डॉट म्हणाली, त्या घरात पूर्ण नाव कुणीच म्हणत नाही. मला मिस स्केलम हव्या होत्या."

"ठेवू नकोस!" मी ओरडले. "हेटी, ठेवू नकोस!"

तिनं ठेवला नाही.