पेले भरणारा

प्रिय छोट्या,

शिवणयंत्रासमोर बसूनच लिहितेय, अक्षराला नावं ठेवू नकोस. परवा फोनवर तू चक्क माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीस, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. गुडघ्यांवरून गाडी हळूच माझ्या लेकीवर, तुझ्या भाचीवर आली. शाळेत ती मुलांना काय सांगते, घरी प्रार्थनेला बसते का. मामाचं प्रेम असं अचानक उतू जायला लागलं की मला धडकीच भरते बाई.

तुझं ते उदारमतवादोत्तर धर्मशास्त्र का काय, ते तूच मला समजावलंस, मी काजं करत असताना. श्रद्धा आधी मनात उगवते आणि मग शब्द शोधते असं नाही, म्हणालास. ती भाषेसारखी असते, आपल्या माणसांत वावरून, त्यांच्या गोष्टी ऐकून अंगात मुरते. मला फार पटलं होतं. पण हल्ली त्याच नावाखाली तू, प्राध्यापकसाहेब, रेडिओवर बोलतोस ते निराळंच. मोकळं सोडलं की माणूस एकटा पडतो, म्हणून त्याचं भलं कशात आहे ते समाजाने ठरवावं आणि सरकारने त्याला तिकडे वळवावं. एकटेपणाचं खरं आहे रे, बटण लावायचं निमित्त करून माझ्याकडे रोज अशी माणसं येतात. पण घरात शिकायच्या भाषेत हे सरकार कुठून घुसलं? आणि समाज म्हणजे नेमकं कोण, तू?

बाबांची पद्धत विसरलास? जेवणाआधी प्रार्थना व्हायची, आणि ज्याला ती म्हणायची नसेल त्याने तेवढ्यात सगळ्यांचे पेले भरायचे. कॉलेजात असताना तू कितीतरी वर्षं पेलेच भरलेस. बाबांनी चकार शब्द काढला नाही. मग एक दिवस तू पाण्याचं भांडं खाली ठेवलंस आणि आपणहून आमच्यात येऊन बसलास. बाबा त्या दिवशी जेवायचं सोडून तुझ्याकडेच बघत राहिले.

तुझी भाची शाळेच्या प्रार्थनेत गप्प उभी राहते, म्हणून तिची नोकरी जायची वेळ आलीय. ते ठरवणाऱ्या समितीचा अध्यक्ष तू आहेस, हे तू फोनवर सांगितलं नाहीस. मला एका गिऱ्हाइकाकडून कळलं. शुक्रवारी निकाल देणार आहेस ना, म्हणून हे पत्र. रविवारी नेहमीसारखा जेवायला ये. प्रार्थना मी म्हणेन, पेले ती भरेल. तिच्या हातचं पाणी तुला चालणार नसेल, तर मात्र येऊ नकोस.

तुझीच, अजून तरी तुझीच,
ताई